साडेतीनशे किलोची बोट: ट्रेलर ओढायला गाडी ठरवण्याआधी

बोट विकणाऱ्या गृहस्थांनी वजन सांगितलं होतं साडेतीनशे किलो. सोळा फुटी फायबरची उघडी बोट, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, खाली दोन चाकांचा ट्रेलर. मी आणि माझा मेहुणा, दोघंही खूश. साडेतीनशे म्हणजे पाच माणसं. आमची गाडी पाच माणसं रोज वाहते, मग पाच माणसं ओढायला काय हरकत आहे? हे गणित आम्ही पौड रस्त्यावर चहा पिता पिता केलं आणि त्याच गणितावर पैसे मोजले.

बोट घरी आणली ती एका मित्राच्या पिकअपला लावून. गाडी मागून जड लागतेय म्हणून वाटेत त्यानेच ट्रेलर सोडून वजनकाट्यावर घातला. काटेवाल्याने चिठ्ठी दिली: १,०४० किलो. मेहुणा म्हणाला, "काटा बिघडलाय." काटेवाला मान वर न करता म्हणाला, "काटा बिघडला असता तर मार्केट यार्डातनं मला कधीच हाकललं असतं, साहेब."

पुढचं वर्षभर मी हे गणित नव्याने शिकलो. थोडं पुस्तकांतून, बरंचसं गॅरेजमध्ये उभं राहून. पुण्यात बोट बाळगणाऱ्याला ते टाळता येत नाही. इथून निघालं की दोनच दिशा: पूर्वेला सोलापूर रस्त्याने सपाटीवरून उजनीच्या पाण्याकडे, नाहीतर पश्चिमेला घाट उतरून कोकणात. पहिलीकडे बऱ्याच चुका खपून जातात. घाट एकही खपवून घेत नाही.

हा लेख बारा ते अठरा फुटी, घरच्या गाडीमागे ओढायच्या बोटींपुरता आहे. त्याहून मोठी बोट असेल तर सरळ ट्रेलरवाहू ट्रक भाड्याने घ्या.

१. आधी काटा, मग शोरूम

लोक उलटं करतात. आधी गाडी आवडते, मग तिच्यात बोट बसवायला आकडे शोधतात. तुम्ही आधी बोट तोला. तीही निघायच्या दिवशी असेल तशी, सगळं सामान भरून.

विकणारा खोटं बोलत नव्हता. कंपनीच्या कागदावर साडेतीनशेच होतं, पण ते नुसत्या सांगाड्याचं. बाकीचं मी नंतर एकेक करून मोजलं:

- नुसती बोट, कागदाप्रमाणे: ३५० किलो
- इंजिन: ७५
- टाकी आणि त्यात ५० लिटर पेट्रोल: ४२ (लिटरमागे पाऊण किलो धरा)
- दोन बॅटऱ्या: ४५
- नांगर, साखळी, दोर: ३०
- लाइफ जॅकेट, वल्ही, हत्यारं, बर्फाची पेटी: ५०
- ट्रेलर: २९०

बेरीज ८८२. काटा सांगतो १,०४०. मधले १५८ किलो कुठे गेले, यावर घरात दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी बोटीच्या मागच्या बाजूचं खालचं बूच काढलं. तपकिरी, कुजका वास येणारं पाणी बादल्या भरभरून आलं, साठेक लिटर. मागच्या पावसाळ्याचं असावं. उरलेले शंभरेक किलो म्हणजे तळातलं भिजून फुगलेलं प्लायवूड आणि स्पंजासारखा झालेला फोम. जुनी फायबर बोट घेताना हे हमखास निघतं. तळावर बोटाच्या पेराने ठोकून बघा: कोरडं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं असेल तर बद्द. पैसे देण्याआधी बूच काढायला लावा.

तोलायला मार्केट यार्ड किंवा भोसरी एमआयडीसीच्या बाजूला काटे सापडतात. तीन वेळा तोला:

अ) गाडी एकटी, पण जाणारी सगळी माणसं आणि सामान आत.
आ) गाडीला ट्रेलर जोडलेला, गाडीची चारही चाकं काट्यावर आणि ट्रेलरची चाकं काट्याबाहेर.
इ) ट्रेलर सोडून एकटा काट्यावर, पुढचं छोटं चाकही काट्यावरच.

'इ' हे ट्रेलरचं खरं वजन. 'आ'मधून 'अ' वजा केला की हुकावर पडणारा भार मिळतो. मात्र ट्रकचे मोठे काटे पाच-दहा किलोंच्या टप्प्यांनी वजन दाखवतात. त्यामुळे हुकाच्या भाराचा अंदाज तिथे घ्या आणि नेमकं माप घरी काढा. रीत तिसऱ्या भागात आहे.

तिन्ही चिठ्ठ्या जपून ठेवा.

२. गाडीच्या पुस्तकातले आकडे

गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा. सेल्समनला विचारू नका. तो "आरामात ओढेल सर" म्हणणारच. पुस्तकात हे शोधा:

- गाडीचं रिकामं वजन
- माणसं-सामानासकट गाडीचं कमाल वजन
- ओढता येणाऱ्या ट्रेलरचं कमाल वजन, ट्रेलरला ब्रेक असताना आणि नसताना वेगवेगळं
- हुकावरचा कमाल भार
- गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, दिलं असेल तर

यांतला जो आकडा आधी भरतो, तीच तुमची मर्यादा. इतर मर्यादांत कितीही जागा उरली तरी तिचा उपयोग नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांच्या पुस्तकात ट्रेलर ओढू नका असं लिहिलेलं असतं, किंवा या विषयावर एक अक्षरही नसतं. आमच्या गाडीच्या पुस्तकात स्पष्ट नकार होता. मेहुण्याचं म्हणणं, "कंपन्या घाबरून लिहितात." असेलही. पण क्लच जळाला किंवा अपघात झाला तर वॉरंटीवाले आणि विमावाले तेच पान उघडणार आहेत. नकार असेल तर तो विषय तिथेच संपला असं समजा. काहीच लिहिलेलं नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागा.

इथे एक मोठा सापळा आहे. इंटरनेटवर शोधलं की परदेशातले आकडे समोर येतात. ऑस्ट्रेलियात फोर-बाय-फोर (चारही चाकं ओढणाऱ्या) डिझेल हायलक्स पिकअपला ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायची परवानगी आहे. ते वाचून माणूस हरखतो. पण तो आकडा स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आहे. ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी त्याच गाडीला ७५० किलोच चालतात. शिवाय तो तिथे विकल्या जाणाऱ्या गाडीचा आणि तिथल्या कंपनीच्या हुकाचा आकडा. नाव तेच असलं तरी देशागणिक कूलिंग, गिअर, स्प्रिंग बदललेले असू शकतात. तुमच्या हातातल्या पुस्तकात जे छापलंय तेवढंच तुमचं.

दुसरा सापळा हॉर्सपॉवरचा. "दीडशे हॉर्सपॉवर आहे की!" अहो, गाडी आणि बोट मिळून तीन हजार तीनशे किलोचा सगळा लवाजमा सहा टक्के चढावर ताशी ४० किलोमीटरने न्यायला चाकांपाशी साधारण ३६ हॉर्सपॉवर पुरतात. ओढायची ताकद आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत आहेच. कमी पडतात ते ब्रेक, क्लच, मागचे स्प्रिंग आणि हुक जिथे बसतो तो पत्रा.

पुस्तकाने परवानगी दिली तरी नवख्याने आकडा काठोकाठ भरू नये. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, ओढणाऱ्या नवशिक्यांना सांगतात की ट्रेलरचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. त्यांच्या देशात ताम्हिणी घाट नाही. मी ५० टक्क्यांच्या वर जात नाही.

३. हुकावर भार किती हवा

ट्रेलरचं नाक गाडीच्या हुकावर थोडं दाबून बसलं पाहिजे. बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार साधारण योग्य मानतात. मी आठ धरतो. आमचा सगळा प्रकार पुढे दुरुस्त्या करून ९४० किलोंवर आला, म्हणजे हुकावर ७५.

भार कमी असला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. साठ-सत्तरच्या वेगाला शेजारून ट्रक गेला की पहिला हेलकावा बसतो, दुसरा त्याहून मोठा असतो, तिसऱ्याला गाडीचा मागचा भाग बोटीच्या तालावर नाचायला लागतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगही झटकू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, गाडी आपली आपण मंदावू द्या. ट्रेलरला हाताने चालणारा वेगळा ब्रेक असेल तर तेवढाच हलका लावा.

भार जास्त झाला तर गाडीचं बूड खाली बसतं, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग पोकळ लागतं.

बोटीचा घोळ असा की तिचं सगळ्यात जड अंग, म्हणजे इंजिन, अगदी मागे टांगलेलं असतं. बॅटरी आणि टाकीही बहुधा मागेच. त्यामुळे नाक हलकं होण्याकडेच कल असतो. आमच्या हुकावर पहिल्यांदा ७५च्या जागी २० किलोच निघाले. उपाय सोपा होता: ट्रेलरवर पुढे विंचचा, म्हणजे बोट ओढून घ्यायच्या चरखीचा, खांब असतो, तो बोल्ट ढिले करून पुढे सरकवला आणि बोट तेवढी पुढे ओढून घेतली. एक बॅटरी पुढच्या कप्प्यात गेली, नांगर पुढे आला. पाणी, बर्फ, वाळू असलं काही भरून भार वाढवू नका. एकूण वजनही वाढतं.

घरी मोजायची रीत. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना पुढून-मागून दगड. एक जाड फळी घ्या. एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली माणसांचा घरगुती वजनकाटा, दोन्हीत बरोबर तीन फूट अंतर. नुसत्या फळीने काटा जे दाखवेल ते टिपून ठेवा. मग विटेपासून एक फुटावर ट्रेलरचं नाक टेका, उंची गाडीच्या हुकाइतकीच हवी. काट्यावरच्या आकड्यातून फळीचा आकडा वजा करून तीनने गुणा. एवढी खटपट अशासाठी की नाक थेट ठेवलं आणि भार दीडशे निघाला तर बायकोचा काटा मोडतो. आमच्याकडे एक मोडला आहे.

४. पाचव्याने एसटीने यावं

हुकावरचा भार गाडीतल्या सामानातच मोजायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लोक गाडी भरतात आणि ट्रेलर वेगळा धरतात.

समजा गाडीचं रिकामं वजन २,०१० किलो आणि कमाल वजन २,५००. म्हणजे आत ४९० किलो घालता येतात. चार माणसं सत्तर-सत्तरची, २८०. पिशव्या, डबे, पाणी ६०. हुक आणि त्याची लोखंडी चौकट ३०. हुकावरचा भार ७५. एकूण ४४५, ठीक. आता पाचवा बसला: ५१५. गाडी बाहेरून तशीच दिसते, पण मागच्या टायरांवर आणि स्प्रिंगवर मर्यादेबाहेर भार गेला. त्यात हुक मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे तिथले ७५ किलो मागच्या चाकांवर पंच्याहत्तरहून जास्त भरतात, ते वेगळंच. छतावर कॅरिअर असेल तर रिकामा ठेवा.

कमाल वजन ओलांडणं हा गुन्हाही आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर दर जादा टनामागे २,००० रुपये असा आहे.

५. उतार

नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकराला सांगायला नको. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर सोडायचा आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा, याचं काय होतं ते आपण इतक्या वर्षांत इतक्या वेळा वाचलंय. बोट मागे लावली की तुम्ही त्या ट्रकवाल्याच्या जागी असता.

हिशोब करून बघा. ३,३०० किलोंचा लवाजमा ५०० मीटर खाली उतरला की जी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात नळाचं पन्नास लिटर पाणी उकळेल. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे कोकणात जाताना एवढं उतरणं आलंच. यातला काही भाग इंजिन आणि हवा खातात. उरलेला सगळा ब्रेकच्या तबकड्यांवर. ट्रेलरला ब्रेक नसतील तर त्याच्या वाटणीची उष्णताही गाडीच्याच तबकड्यांवर येते, आणि त्या फक्त गाडीचा विचार करून बनवलेल्या असतात. आधी करपट वास येतो, मग पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागतं. खोल जायला लागल्यावर उपाय शोधायला वेळ उरत नाही.

म्हणून ट्रेलरला ब्रेक हवेत. युरोपात ७५० किलोंच्या वर ब्रेकविना ट्रेलर चालतच नाही. त्याखालीही तो गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जड नसावा असा दंडक आहे. आपल्याकडे कुणी अडवो न अडवो, मी हीच रेघ पाळतो. आमचा जुना ट्रेलर बिनब्रेकचा होता आणि वजन हजाराच्या घरात. त्यामुळे तो बाद झाला.

छोट्या बोटींना रेटा-ब्रेक सोयीचा पडतो. गाडीने वेग कमी केला की ट्रेलर मागून रेटतो आणि त्याच रेट्याने त्याच्या चाकांचे ब्रेक लागतात. वायर नाही, बटण नाही. दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. एक, रिव्हर्स घेताना ब्रेक आपोआप सुटतात का? नाहीतर चढावर मागे नेताना ट्रेलर जागच्या जागी रुतून बसतो. दुसरं, ब्रेकचे भाग पाण्यात बुडायला चालतात का, आणि आत गोड्या पाण्याने धुवायला तोंड ठेवलंय का? विजेवर चालणारे ब्रेक बोटीच्या ट्रेलरला घेऊ नका. दर खेपेला पाण्यात बुडणार आहेत ते.

घाट उतरायची रीत जुनीच: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्याही एक खालच्या गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. नीट दाबा, वेग कमी करा, सोडा, तबकडी थंड होऊ द्या. ताम्हिणीत मी तिशीच्या वर जात नाही आणि मागे रांग लागली की रुंद जागा बघून बाजूला घेतो. लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद होतो, त्यामुळे भोरमार्गे महाडला जायचा बेत असेल तर आधी चौकशी करा. ट्रेलर लावून त्या रस्त्यावर वळून परत येणं म्हणजे काय, हे मी अनुभवलेलं नाही आणि अनुभवायचं नाही.

६. मग गाडी कशी हवी

*सांगाडा.* शिडीसारखी चासी असलेल्या गाडीत हुक थेट लोखंडी कण्याला बसतो. नेहमीच्या कारमध्ये तो पत्र्याच्या मजल्याला बसतो, म्हणून तिथे कंपनीने नेमून दिलेल्या जागांखेरीज कुठेही भोक पाडू नका.

*लांबी.* पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितका ट्रेलरच्या हेलकाव्यांना गाडीचा विरोध जास्त. तीन दरवाजांच्या थारमध्ये ते २,४५० मिलिमीटर आहे, फॉर्च्युनरमध्ये २,७४५, हायलक्समध्ये ३,०८५. थार डोंगरात कितीही रुबाबदार असली तरी मागे लांब बोट लावल्यावर आखूडपणा जाणवतो. मागच्या चाकांपासून हुक जितका दूर, तितकाही त्रास वाढतो.

*गिअर.* पाण्याच्या काठावर इंच-इंच सरकावं लागतं आणि तिथे हाफ-क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्यांचे क्लच जळतात. एएमटी (मॅन्युअल गिअरच, पण क्लच यंत्र दाबतं) आणि दुहेरी क्लचच्या गाड्यांत आतमध्ये हेच घडतं, फक्त तुमच्या पायाला कळत नाही. जुन्या धाटणीचा, क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असलेला ऑटोमॅटिक या कामाला मला सगळ्यात निवांत वाटला.

*कुठली चाकं ओढतात.* शहरात हे विसरायला होतं. पाण्याच्या उतारावर गाडीचं तोंड वर, बूड खाली, हुकावर भार. पुढच्या चाकांवरचं वजन गेलेलं असतं. पुढची चाकं ओढणारी गाडी अशा वेळी ओल्या जागी नुसती चाकं फिरवत राहते.

आणि आपल्याकडे उतार म्हणजे काँक्रीटचा रॅम्प समजू नका. बहुतेक धरणांच्या काठाला मुरूम, त्याखाली गाळ. सप्टेंबरात पाणी गवताला टेकलेलं असतं, गाडी कडेला उभी करून बोट ढकलता येते. मे महिन्यात पाणी कुठल्या कुठे मागे गेलेलं असतं आणि मधला पट्टा वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो. पायाने दाबून बघा. वरच्या पापुद्र्याखाली लोण्यासारखा गाळ असतो. आम्ही दाबून बघितलं नव्हतं. गावातल्या एका दादांनी ट्रॅक्टर आणला, पैसे घेतले नाहीत, पण "पुण्याचे ना?" एवढं विचारून गेले. फोर-बाय-फोर आणि लो-रेंज (संथ पण जोरदार) गिअर याच पन्नास मीटरसाठी लागतो. तो नसेल तर फक्त पक्क्या उताराच्या जागा निवडा आणि वीस मीटर लांब मजबूत दोर गाडीत ठेवा, म्हणजे गाडी कोरड्यात ठेवून ट्रेलर ओढता येतो.

७. हुक, बॉल, साखळ्या, दिवे

गाडीला बंद पडल्यावर ओढायची जी कडी असते, ती ट्रेलरसाठी नाही. बंपरला शोभेसाठी लावलेले गोळेही नाहीत. हुकावर भाराचा आकडा कोरलेला असला पाहिजे. नसेल तर तो दागिना समजा.

हुकावरच्या बॉलचं माप नीट बघा, ट्रेलरच्या नाकाची वाटी त्याच्यावर बसते. ५० मिलिमीटर, २ इंच म्हणजे ५०.८, आणि त्याहून लहान ४७.६, हे तिन्ही डोळ्याला सारखेच दिसतात. लहान बॉलवर मोठी वाटी बसते, बंदही होते आणि खड्ड्यात उडून सुटते. नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) खिशात ठेवा. जोडल्यावर जॅकने ट्रेलरचं नाक वर उचलून बघा. गाडीचं बूड बरोबर वर आलं तर कुलूप खरं लागलंय.

साखळ्या दोन, नाकाखाली फुलीसारख्या एकमेकींवरून नेलेल्या. वाटी सुटलीच तर नाक रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतं. दिव्यांची वायर पाण्यात जायच्या आधी काढा, नाहीतर गरम बल्ब तडकतात.

८. टायर आणि बेअरिंग

ट्रेलरचं टायर झिजून जात नाही, उभ्या उभ्या उन्हाने चिरतं. नक्षी नवी दिसली तरी बाजूच्या भेगा आणि बनल्याची तारीख बघा. टायरवरचा भाराचा आकडा दोन्ही मिळून ट्रेलरच्या वजनाहून चांगला जास्त हवा.

बेअरिंगची गंमत अशी की पन्नास किलोमीटर चालून हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) तापलेला असतो आणि आपण तो तसाच गार पाण्यात बुडवतो. आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढलं जातं, ग्रीसची खीर होते. पाण्याजवळ पोहोचल्यावर अर्धा तास चहा घ्या, मग उतरवा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी धुवा. एक सुटा बेअरिंग जोड, सील, ग्रीस आणि ट्रेलरची स्वतःची स्टेपनी कायम बरोबर हवी. गाडीची स्टेपनी ट्रेलरला बसत नाही.

९. कागद

१९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही 'मोटार वाहन'च आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे, कारण गाडीची पाटी बोटीआड जाते.

आमचा पहिला ट्रेलर एका वेल्डिंगवाल्याने बनवलेला निघाला. काम सुबक, रंग झकास, कागद शून्य. कुठल्याही मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी नसल्यामुळे तो पासिंगलाच उभा करता येईना. सात महिने पार्किंगमध्ये पडून होता, सोसायटीची पत्रं वेगळी. शेवटी भंगारात गेला आणि आम्ही ब्रेकवाला, मंजुरी असलेला नवा घेतला. तो ३४० किलोंचा आहे. बोटीचं कुजलेलं प्लायवूड आणि फोम बदलून नव्वदेक किलो उतरवले, म्हणून एकूण ९४० जमले.

जवळ हवेत ते कागद:

- ट्रेलरची नोंदणी. नवा घेत असाल तर नोंदणीच्या अर्जासाठी फॉर्म २०, विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि बनवणाऱ्याने दिलेला फॉर्म २२. जुना असेल तर आर.सी. हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्यातला असेल तर ना-हरकत पत्रही घ्या.
- गाडीची आर.सी., पीयूसी आणि लायसन्स.
- गाडीला हुक बसवल्याबद्दल आरटीओकडे लेखी विचारणा आणि उत्तर. एमएच-१२ असेल तर संगम पुलाजवळचं कार्यालय. एमएच-१४ असेल तर पिंपरी-चिंचवडचं. तोंडी "चालतंय" वर विसंबू नका.
- विमा. गाडीच्या पॉलिसीत ट्रेलरची नोंद करून घ्या आणि ती नोंद छापील मागा.
- धरणावर बोट उतरवायची असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी. खडकवासल्याचं पाणी शहर पितं. तिथे इंजिनाची बोट घेऊन "बघू काय होतंय" म्हणत जाऊ नका.
- काट्याच्या तिन्ही चिठ्ठ्या आणि गाडीच्या पुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स.

१०. पहिली फेरी

पहिल्यांदा कोकण नको. रविवारी सकाळी सहाला रिकामं मैदान गाठा आणि दोन तास फक्त रिव्हर्स घ्या. हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला धरा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं तिकडे हात न्या. रिव्हर्स घेताना बायको किंवा मित्र मागे उभे राहून सूचना देणार असतील तर "डावीकडे" म्हणजे कुणाची डावी, हे आधी ठरवा.

मग उजनीच्या पाण्याकाठचं भिगवण. शंभरेक किलोमीटर, जवळजवळ सपाट. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, त्यांच्या थव्याजवळ इंजिन नेऊ नका. मासेमारीच्या जाळ्यांवरही लक्ष असू द्या, पंख्यात अडकली की कोळ्याचं नुकसान आणि तुमचंही. साठच्या वेगाने जा. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. ओव्हरटेक करून परत आत येताना मागे आणखी वीस-बावीस फूट आहेत हे मोठ्याने स्वतःला सांगा. मी अजून सांगतो.

पहिल्या पाच किलोमीटरवर थांबा. हुकाचं कुलूप, साखळ्या, दिवे, बोटीचे पट्टे बघा आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. मग दर तासाला थांबून दोन्ही हबना हाताचा मागचा भाग लावा. कोमट असेल तर चला. एक गार आणि दुसरा असा की हात टेकवत नाही, तर तिथेच बाजूला घ्या, चाक उचला आणि बेअरिंग बघा. भिगवण पळून जात नाही.